नागनिकेचं माहेर

दोन हजार वर्षांपूर्वी मरून गेलेल्या एका बाईचं माहेर कुठलं, यावरून कुवेतमधली चांगली शिकलीसवरलेली माणसं हिवाळाभर एकमेकांशी भांडली, आणि त्या भांडणात आमच्या घराचं झाकण उडालं. आता माझे केस पिकले, त्यातली बरीच माणसं देवाघरी गेली, तरी ते दिवस लिहायला बसले की पहिल्यांदा वैतागच येतो. बाकी जे काही वाटायचं ते त्याच्या मागून, सावकाश येतं. म्हणून वैतागापासूनच सुरुवात करते.

आम्ही एगैलाला राहायचो. आता तिथे मॉलच मॉल झालेत, तेव्हा आमच्या गल्लीत एक बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, होता, एक इस्त्रीवाला होता आणि बाकी वाळू. बाबा इस्पितळात एक्स-रे काढायचे, आई तिथेच लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. घरात कायम एसीची घरघर, आणि ती बंद झाली की शेजारच्या मशिदीतली अजान एवढी स्पष्ट ऐकू यायची की आई हातातलं लाटणं थांबवायची. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी बाबा बकाल्यातून गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, आणायचे, आई ते तव्यावर तूप सोडून परतायची, आणि आम्ही ते लातूरहून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आणि दह्याबरोबर खायचो. चटणी आईची आई, माझी लातूरची आजी, दर वर्षी करून द्यायची आणि ती बॅगेत सांडली नाही असं एकही वर्ष गेलं नाही. आमच्या सगळ्या कपड्यांना ऑगस्टपर्यंत लसणाचा वास असायचा. बाबांना धंद्याची सवय लागलेली, हातात आलेली कुठलीही गोष्ट आधी उजेडासमोर धरायची. खुबूस धरायचे, कांद्याची पात धरायचे, माझी प्रगतिपुस्तकंसुद्धा. आई म्हणायची, "अहो, त्यात हाडं नाहीत. खा आता." बाबा हसायचे आणि खायचे. बोलायचे फार कमी. आईच्या माहेरची माणसं फोनवर भडाभडा बोलायची, आणि बाबांच्या बाजूने कधी कुणाचा फोन यायचा नाही. आजी-आजोबा तुझ्या बाबांच्या लहानपणीच वारले, एवढंच मला सांगितलेलं होतं आणि तेवढं मला पुरलं होतं.

लोकांना मात्र पुरत नव्हतं. परदेशात मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की नाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, "म्हणजे मूळचे कुठले?" हा प्रश्न मी बकाल्याच्या दारात ऐकलाय, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत ऐकलाय, विमानात अनोळखी बाईच्या मांडीवर ताट सांडल्यावरही ऐकलाय. आमचं आडनाव दामले. त्यामुळे विचारणाऱ्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच तयार असायचं, आणि आई ते पुरवायची. "गुहागरचे." पण मराठी मंडळातल्या जगतापकाकांचे साडू गुहागरला नोकरीला होते, म्हणून जगतापांना सांगितलं होतं नगरकडचे. खालच्या मजल्यावरच्या हमीदाखाला दाभोळच्या, म्हणजे खाडी ओलांडली की गुहागर. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठल्या वाडीतले वो तुमी?" तेव्हा आईने गुहागर खाली टाकलं आणि देवास उचललं. मला हे सगळं पाठ ठेवावं लागायचं. कुणासमोर आपण कुठले आहोत, हे पाढ्यांसारखं. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, एकच काहीतरी ठरव ना!" तर आई म्हणाली, "मोठ्यांच्यात बोलू नको." हे वाक्य आई हरल्यावर वापरायची.

त्या हिवाळ्यात आमच्या मंडळाने नाटक करायचं ठरवलं. डॉक्टर लेले दातांचे डॉक्टर, पण जीव इतिहासात. त्यांनी नागनिकेवर नाटक लिहिलं होतं. सातवाहनांची राणी, नाणेघाटात जिचा लेख कोरलेला आहे ती. लेलेकाका पहिल्या तालमीला आम्हाला समजावून सांगत होते, की घाटातल्या त्या गुहेत एका ओळीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नवरा कोण ते त्या नावांवरून सांगतात. पण ती कुणाची मुलगी, हे लेखात जिथे आलंय तिथे नेमका दगड झिजलाय, फुटलाय. बाप 'महारठी' होता एवढं वाचता येतं, एका कुळाचं नाव लागतं, पण माणसाचं नाव धड लागत नाही. मूर्तींच्या ओळीत आणखी एका महारठीचं नाव आहे, तोच बाप असं काही जाणकार म्हणतात, काही म्हणतात नाही. "म्हणजे आपल्याला नक्की माहीत नाही," असं लेलेकाका म्हणाले, आणि मला वाटलं, संपलं. मला वाटलं होतं, ही विद्वान माणसं आहेत.

तालमी रिग्गईला लेलेकाकांच्या इमारतीच्या सरदाबात व्हायच्या. तळघर मोठं होतं, पण तिथे फिनेलचा आणि कुणाच्या तरी जुन्या गालिच्यांचा वास कोंडलेला असायचा. जगतापकाकांचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम होतं, त्यांनी सिंहासन करून आणलं. एका मोडीत निघालेल्या गाडीची पुढची सीट, वर मखमल, बाजूला सोनेरी पुठ्ठा. राणी मी. का, तर मी उंच होते आणि माझा 'ळ' आणि 'ण' शाबूत होता. बाकीची मुलं आईवडलांनी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतून उत्तर द्यायची. जगतापांची सोनल माझी मैत्रीण, तिला दासीचं काम दिलं होतं आणि ती त्यात खूश होती, कारण दासीला दोनच वाक्यं होती.

नाटकात राणीचं पहिलंच वाक्य होतं, "मी महारठी त्रणकयिराची कन्या, सिमुकाची सून, सातकर्णीची राणी." या वाक्यापुढे आम्ही कधी गेलोच नाही. जगतापकाका म्हणाले, महारठी म्हणजे मराठा, शब्दच सांगतोय, तसं स्पष्ट म्हणा की. लेलेकाका म्हणाले, ती पदवी होती, जात नव्हे. एक नागपूरचे काका होते, त्यांना नावातला नाग सोडवत नव्हता. त्यांच्या मते ती नागवंशातली आणि मुळात विदर्भातली. लेलेकाकू मध्येच म्हणायच्या, सातवाहन स्वतःला ब्राह्मण म्हणवतात, मग सून कशी बरं कुठूनही आणतील? मी मुकुट घालून उभी. मुकुटाची तार कानावर टोचायची. एका शुक्रवारी या वादात तालमीची पूर्ण दुपार गेली, चहा गेला, जगतापकाकूंचे बटाटेवडे गेले, आणि राणीने तोंड उघडलं नव्हतं. मला आजही कळत नाही. नावाचा दगड फुटलाय, सगळ्यांना ठाऊक आहे की फुटलाय, तरी प्रत्येकाने खिशातून आपापला तुकडा काढून तिथे बसवून बघायचा!

मग तो शुक्रवार आला. जगतापकाका त्या दिवशी तयारीने आले होते. म्हणाले, "हे बघा डॉक्टर, मी भांडत नाही. पण राणी मराठ्याची मुलगी असेल, तर आमची सोनल करील ना राणी. शोभेल तरी."

सोनल कोपऱ्यातून म्हणाली, "Papa, please!"

लेलेकाकू फणकारल्या. "का, रेवतीत काय कमी आहे? गुहागरचं घराणं आहे दामल्यांचं. बोलण्यात कळतं की."

"गुहागर?" जगतापकाका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर नगरकडचे म्हणाला होता."

"आम्हाला देवास सांगितलं होतं," नागपूरचे काका म्हणाले. ते हे वाईट हेतूने म्हणाले नव्हते. त्यांना माहिती पूर्ण करायची हौस होती.

आई उभी राहिली, बसली, पदर सारखा केला. जगतापकाका हसत हसत, पण सोडायचं नाही अशा आवाजात म्हणाले, "दामलेसाहेब, तुम्हीच सांगा बुवा. मूळचे कुठले तुम्ही?"

बाबा मागे थर्मोकोलचा खांब उभा करत होते. त्यांनी हातातली चिकटपट्टी दाताने तोडली, खांबाला लावली आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आईवडील माहीत नाहीत. पुण्याला एका संस्थेत वाढलो मी. कुणीतरी आणून ठेवलं होतं. तिथले अधीक्षक दामले होते. ज्या मुलांना आडनाव नव्हतं, त्यांना त्यांनी आपलं देऊन टाकलं. आम्ही पुष्कळ दामले आहोत." मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हा खांब सिंहासनाच्या डाव्या अंगाला हवाय की उजव्या?"

शेवटी लेलेकाका म्हणाले, "डाव्या," आणि बाबांनी खांब डाव्या अंगाला लावला.

मला ते सगळ्यांबरोबर कळलं. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, समोर नागपूरचे काका, आणि मला कळतंय की माझे आजी-आजोबा वारलेले नाहीत, ते माहीतच नाहीत. मला रडू आलं नाही, राग आला. आणि राग नेमका कुणाचा करावा तेही समजेना, म्हणून मी मुकुटाचा केला. ओढून काढला तो, कानाला ओरखडा आला. तेवढ्यात लेलेकाकू येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या आणि आईला म्हणाल्या, "असू दे हो, असू दे. त्यात त्यांचा काय दोष?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना लेलेकाका बाबांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, की रेवतीला थोडे दिवस विश्रांती देऊ, मुलीवर ताण नको. ताण मला नव्हताच. तो त्या सरदाबातल्या बाकीच्यांना आला होता.

गाडीत आई फिंतास येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग तिचं पुणेरी मराठी सुटलं आणि आतलं लातूर बाहेर आलं. "काय करून बसलाव तुम्ही! इतकी वर्षं मी सांभाळलं, आन् तुम्ही खांब लावता लावता सांगून टाकलाव!"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? मी गावं शोधू शोधू मेले!"

"मी कधी म्हटलं होतं शोध म्हणून?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी गिअर इतक्या जोरात टाकला की गाडी हिसकली. मी मागून ओरडले, "आणि मला? मला कुणी सांगणार होतं की नाही?"

आईला नेमकी भीती कशाची होती, ते मला दोन दिवसांनी कळलं. हमीदाखाला माझ्या राणीच्या साडीचे काठ शिवत होत्या, त्या साडी घेऊन वर आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी सगळं पोचलं होतं. कुवेत केवढंसं! त्यांनी जमिनीवर बसकण मारली आणि म्हणाल्या, "आमची बिल्किस राणी ठावी हाय ना? सबा मुलखाची? तिची आवस, आई वो, तर जिनाची बेटी होती म्हणतात, माणसाची पण नाय. म्हणून कुणी तिला राणी नाय म्हणत काय?"

आई म्हणाली, "खाला, राणीचं सोडा. माझ्या वडलांचं काय करू?"

मग ते बाहेर पडलं. आबा, म्हणजे माझे लातूरचे आजोबा, शाळामास्तर होते. रोज संध्या करणारे, खोटं बोलणाऱ्या मुलाला वर्गात उभं करणारे. आईने पुण्याला नर्सिंग शिकताना बाबांशी लग्न ठरवलं, तेव्हा आबांना सांगितलं होतं, मुलगा गुहागरच्या दामल्यांचा, आईवडील लहानपणीच गेले. त्यावर आबांनी लग्न लावून दिलं होतं. इथल्या नागपूरकरांना, जगतापांना ती खोटं सांगत होती ते त्या एका खोट्याला कुंपण म्हणून. लेलेकाकूंची बहीण लातूरला दिलेली होती. आता हे आबांच्या कानावर जायला किती दिवस लागणार?

खालांनी दोरा तोडला. "दुसऱ्यानं सांगण्यापरीस तू सांग बाय. आजच सांग."

आईने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोनकडे पाठ करून बसायची आणि फोन वाजला की दचकायची. बाबा ड्यूटीवरून यायचे, जेवायचे, ताट उजेडासमोर न धरता. मला त्या घरात बसवेना, आणि राणीपणही गेलेलं.

ते परत आलं सोनलमुळे. पुढच्या शुक्रवारी जगतापकाका आणि काकू दारात उभे. काकांच्या हातात चकलीचा डबा, चेहरा दुकानात चुकीचा माल दिलेल्या माणसासारखा. आत आले, सोफ्याच्या कडेवर टेकले. म्हणाले, "सोनल नाही म्हणते. उभीच राहीना. म्हणते, it's her part, मी करणार नाही. आणि खरं सांगू का, तिला 'सातकर्णी' म्हणताच येत नाही." मग पंख्याकडे बघून म्हणाले, "दामलेसाहेब, मी तसा माणूस नाही हो. राणीचं बोलता बोलता भलतीकडे गेलो. तुमचं ते जे काय आहे, ते माझ्यापाशी राहील. कुणाला सांगणार नाही."

"सांगा की," बाबा म्हणाले. "मी सांगितलंच आहे." आणि चकली उचलून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आई इतक्या दिवसांनी हसली, आणि हसल्याचा राग येऊन स्वयंपाकघरात गेली.

नाटक झालं. एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं. त्या दिवशी धुळीचा वारा सुटलेला, प्रेक्षक डोळे चोळत आले. सातकर्णी ऐटीत सिंहासनावर बसला आणि सीट मागे कलली, कारण शुवैखच्या गोदामात कुणी तिचा मागे कलायचा खटका काढला नव्हता. महाराज पहिल्या प्रवेशात आडवेच होते. राणीच्या वाक्यावर मंडळाने शेवटी तडजोड केली होती. मी म्हणायचं होतं, "मी एका थोर कुळातली कन्या, सिमुकाची सून, सातकर्णीची राणी." थोर कुळातली! इतक्या भांडणातून हे निघालं. मी पुढे आले, समोर तिसऱ्या रांगेत आई-बाबा दिसले, आणि मी ते गाळलं. "मी नागनिका," म्हटलं, आणि थेट यज्ञाच्या भाषणाला लागले. विंगेत लेलेकाका संहितेची पानं उलटत राहिले. बाकी कुणाला पत्ताही लागला नाही. आईला लागला. तिने माझ्याकडून ते वाक्य घरी इतक्यांदा म्हणवून घेतलं होतं, की तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते आणि मी पुढे गेले तेव्हा ते उघडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मला शाळेचा डबा भरता भरता, आईने पोळीचे हात पुसले आणि लातूरला फोन लावला. आबांनीच उचलला. आईने प्रकृती विचारली नाही, पाऊसपाणी विचारलं नाही. एका दमात म्हणाली, "आबा, यांना आईवडील माहीत नाहीत. संस्थेत वाढलेत. गुहागरचं मी सांगितलं होतं तुम्हाला, यांनी नाही. मी खोटं बोलले." आणि मग, "आबा? ... आबा, ऐकायलाव ना?" शेवटी तिने फोन बाबांपुढे धरला. "तुम्हाला द्या म्हणतात."

बाबांनी फोन घेतला आणि उभे राहिले, साहेबासमोर उभं राहावं तसे. "हो," म्हणाले. "हो. ... नाही. ... नाही, कुणाच्याच नाही." मग खूप वेळ ऐकत राहिले. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले? रागावले?"

"हो. तुझ्यावर. महिनाभर फोन करू नको म्हणालेत."

"आणि तुम्हाला? तुम्हाला काय म्हणाले?"

बाबा खुर्चीवर बसले. "विचारत होते, पितृपक्षात तुम्ही पान कुणाच्या नावानं वाढता. मी म्हटलं, कुणाच्याच नाही. तर म्हणाले, मला मुलगा नाही. माझ्यामागे माझ्या नावानं वाढत जा."

आई कपाळाला हात लावून ओट्याशी टेकली. "हे काय बोलणं झालं? जिवंत माणूस, धडधाकट, आणि असलं अभद्र! आणि माझ्याशी एक शब्द नाही!" ती आबांना बोलत राहिली, संस्थेला बोलली, मंडळाला बोलली, माझी पोळी तव्यावर करपली. बाबा काहीच ऐकत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. महिना संपायच्या आधीच त्यांनी स्वतःहून आईला फोन केला आणि झाल्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. ते गेले त्या वर्षीच्या पितृपक्षात आम्ही एगैलाच्या त्याच घरात होतो. सकाळीच ऊन पेटलेलं. आईने खीर-वडे केले, भाज्या केल्या, आबांना आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि बाबा सोवळं नेसून पान घेऊन गच्चीवर गेले. कावळ्यासाठी. कुवेतमध्ये हवा तेव्हा कावळा कुठून मिळणार? कठड्यावर पान ठेवून ते उभे राहिले, घामाने भिजले, तरी हलेनात. आई जिन्यातून ओरडली, "अहो, चक्कर येईल! आला का?"

"साळुंक्या आल्यात दोन," बाबा म्हणाले. "चालतात का, ते आबांना विचारायचं राहिलं."

"चालतात म्हणा, आणि खाली या!"

पण साळुंक्यांनी पान साफ करेपर्यंत ते तिथेच थांबले, हात जोडून.